ताकही फुंकून

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो असे आपण म्हणतो, आणि म्हणताना त्या माणसाला थोडे हसतो. ताक थंड असते, ते कुणाला पोळत नाही; मग हा फुंकतो कशाला? परंतु वाचकहो, ही म्हण ज्याने रचली त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती. समोरच्या भांड्यात ताक आहे हे सर्वांना दिसतेच आहे, अशी त्याची समजूत होती. भांड्यात दूध आहे की ताक हेच कळत नसेल, दोन्ही पांढरी आणि भांडेही तेच, तर माणसाने काय करावे याविषयी म्हण गप्प बसते. माझ्यावर तो प्रसंग आला, म्हणून हा लेख.

२०१८ साली दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागली. त्याच आठवड्यात ती डॉक्टरांना दाखवली, तिचा तुकडा काढून तपासला, आणि मला हॉजकिन्स लिंफोमा झाला असल्याचे निष्पन्न झाले. हा लसिकाग्रंथींचा कर्करोग. लसिकाग्रंथी हे नाव जड वाटेल, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते. तिला आपल्या आज्या अवधाण म्हणत. शरीरात मानेला, काखेत, जांघेत, छातीच्या आत फुप्फुसांच्या देठाशी अशा शेकडो लहान चौक्या असतात. परका कोणी शरीरात शिरला की या चौक्यांवर शिपाई गोळा होतात, चौकी फुगते आणि आपल्या हाताला गाठ लागते. लिंफोमात चौकीतले शिपाईच बिघडतात आणि बेसुमार वाढत सुटतात.

सुदैवाने बऱ्या होणाऱ्या कर्करोगांत या रोगाची गणना होते. दर पंधरा दिवसांनी एक सलाइन, त्यात चार औषधे, अशा बारा सलाइनी सहा महिन्यांत झाल्या. केस गेले, मिशी गेली. मिशी परत आली ती पांढरी होऊन आली. शेवटच्या तपासणीत सगळे साफ निघाले. डॉक्टर म्हणाले, ‘आता पहिली दोन-तीन वर्षे जपा. परत यायचा असला तर तो बहुधा तेवढ्यात येतो.’ दोन वर्षे गेली, तिसरेही गेले. आमची सौ. फाइल कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवू लागली, आणि मी पुन्हा लोकलच्या पासाची चिंता करू लागलो. माणूस बरा झाल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

२०२२ च्या श्रावणात खोकला सुरू झाला. कोरडा, ठसक्यासारखा. संध्याकाळी अंग किंचित कोमट लागे आणि जिना चढताना धाप लागे. कुणाही मुंबईकराला पावसाळ्यात खोकला होतो. परंतु ज्याच्या घरी एकदा चोरी झाली आहे त्याला रात्री मांजराने भांडे पाडले तरी चोरच दिसतो. तीन आठवडे खोकला राहिला तेव्हा डॉक्टरांनी पेट स्कॅन करायला सांगितले.

हा स्कॅन कसा चालतो हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. कर्करोगाच्या पेशी साखर फार अधाशीपणाने खातात, हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या १९२० नंतरच्या दशकात लक्षात आले. पुढे साखरेसारख्याच एका पदार्थाला किरण देणारे फ्लोरिन जोडण्याची युक्ती निघाली, आणि १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला ती साखर प्रथम माणसाच्या शिरेत टोचण्यात आली. ती जिथे अधिक खाल्ली जाते ती जागा चित्रात दिव्यासारखी उजळते. आपल्या देशात ही तपासणी प्रथम मुंबईतच आली; परळच्या विकिरण औषधी केंद्रात, २००२ साली. ही साखर अत्यंत नाशवंत असते. दर ११० मिनिटांनी तिचे तेज निम्मे होते. त्यामुळे सकाळी तयार केलेला माल संध्याकाळच्या आत संपवावा लागतो. दूधवाल्या भय्यालासुद्धा इतकी घाई नसते.

उपाशीपोटी गेलो. सुई टोचली आणि एका खोलीत तासभर निजवले. हालायचे नाही आणि बोलायचेही नाही. कारण बोलले की घशाचे स्नायू साखर खातात आणि घसाच उजळतो. बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, ‘अहो, तुम्ही तासभर न बोलता राहिलात हे आक्कांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसायचा नाही.’ मी हसलो. त्या आठवड्यातले ते शेवटचे हसणे.

रिपोर्टात लिहिले होते की छातीच्या मध्यभागी अनेक ग्रंथी वाढल्या असून त्या झळाळत आहेत. झळाळीला गुण देण्याची एक पद्धत आहे. फ्रान्समधील दोव्हील या समुद्रकाठच्या गावी २००९ साली तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक ते पाच अशी श्रेणी ठरवली. यकृताच्या झळाळीहून गाठीची झळाळी कितीतरी अधिक असली, किंवा नव्या जागी ती उमटली, तर पाच. मला पाचपैकी पाच मिळाले. शाळेत असे गुण मला कधी पडले नव्हते.

डॉक्टरांनी चित्र दिव्यासमोर धरले आणि म्हणाले, ‘परत आलेला दिसतो.’ मग त्यांनी पुढचा बेत सांगितला. आधीच्यापेक्षा जालीम औषधे. ती मानवली तर माझ्याच रक्तातल्या मूळपेशी काढून गोठवायच्या, मग जबर मात्रा देऊन हाडांतली मज्जा पुसून टाकायची, आणि त्या पेशी परत चढवायच्या. तीन-चार आठवडे एकट्याने एका खोलीत. सोमवारी दाखल व्हा, असे ते म्हणाले. बोलणे पंधरा मिनिटांत आटोपले. त्यांत गाठीचा तुकडा काढण्याची गोष्ट निघाली नाही.

घरी त्या रात्री जे झाले ते कोणत्याही मध्यमवर्गीय घरात होईल तसेच झाले. सौ.ने कपाटाच्या वरच्या खणातून फाइल खाली काढली आणि दुसऱ्या खणातून बँकेच्या ठेवींच्या पावत्या काढल्या. कोणती ठेव मोडली तर व्याजाचे किती नुकसान, याचा हिशेब ती एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मांडीत बसली. ती रडली नाही. बेरीज मात्र तीनदा चुकली. आमच्या अनघाचे लग्न फेब्रुवारीत ठरले होते. सांगलीहून माझी थोरली बहीण आक्का दुसऱ्याच दिवशी आली. अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हलक्या आवाजात सौ.ला म्हणाली, ‘तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्तावर उरकून घेऊ या. बाळच्या हातून कन्यादान व्हायला हवं.’

आमच्या घराच्या भिंती जाड नाहीत. मला ते ऐकू आले, आणि अनघालाही आले. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘बाबा, मला चालेल.’ तिच्या त्या दोन शब्दांनी माझ्या छातीत जे झाले ते कोणत्याही स्कॅनमध्ये उमटण्यासारखे नव्हते. मुलीचे लग्न बापाच्या मरणाच्या धाकाने तीन महिने अलीकडे ओढायचे, म्हणजे त्या मांडवात बसलेल्या प्रत्येक माणसाला अक्षता टाकताना माझ्याकडे पाहायला लावायचे. मी एवढेच म्हटले, की सोमवारपर्यंत हॉलला आगाऊ रक्कम देऊ नका.

सोमवारच्या आत दुसऱ्या एका तज्ज्ञाचे मत घ्यावे असे माझ्या भावी जावयाने सुचवले. तो इंजिनिअर आहे. एका मोजमापावर पूल बांधायला तो तयार नसतो. दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी आधी रिपोर्टाचा कागद बाजूला ठेवला आणि नुसते चित्र पाहिले. नंतर २०१८ चे चित्र त्याच्याशेजारी ठेवले. मग विचारले, ‘काका, पहिल्या वेळी गाठीचा तुकडा तपासला होता ना? मग या वेळी का नको?’

त्यांनी मला चित्र दाखवले. डाव्या फुप्फुसाच्या देठाशी गाठी, उजव्याच्या देठाशी तशाच गाठी, आणि श्वासनळीच्या उजव्या अंगाला आणखी एक. दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या. आणि २०१८ साली जिथे रोग होता ती मान मात्र अगदी शांत. ‘याला कर्करोग म्हणायला मी अजून तयार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘असेलही. पण सार्कॉइड नावाचा एक आजार अगदी अशीच रांगोळी काढतो.’

तो शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. त्यानंतरच्या दिवसांत मी त्याच्याविषयी जेवढे वाचले तेवढे पदवी परीक्षेसाठीही वाचले नसेल. मोठी मौज अशी, की या आजाराचे बारसेच कर्करोगाशी तुलना करून झाले आहे. आज ज्याला ऑस्लो म्हणतात त्या नॉर्वेच्या शहरात सीझर बोक नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. १८९९ साली त्यांनी एका पोलिसाच्या अंगावरच्या गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना त्या सार्कोमा या कर्करोगासारख्या भासल्या. पण माणूस तर ठणठणीत! म्हणून त्यांनी ‘सार्कॉइड’, म्हणजे सार्कोमासारखे दिसणारे, असे नाव दिले आणि त्यामागे ‘सौम्य’ हे विशेषणही जोडले. नाव ठेवतानाच सोंग उघडे केले होते. तरीही आज सव्वाशे वर्षांनंतर ते सोंग फसवते.

सार्कॉइडमध्ये होते असे. चौकीवर शिपाई गोळा होतात, एकमेकांना बिलगून वेढा घालतात, कित्येक पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी आकाराच्या होतात. परंतु ज्याच्यासाठी हा वेढा घातला तो शत्रू काही सापडत नाही. अशा वेढ्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. याचे मूळ कारण वैद्यकाला अद्याप उमगलेले नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि तो कर्करोगही नाही. अनेकांत तो एक-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो. काहींच्या फुप्फुसांना, डोळ्यांना किंवा हृदयाला मात्र तो त्रास देतो, आणि त्यांना औषध द्यावे लागते. वेढा घालणारे शिपाई काम करीत असतात, आणि काम करणाऱ्याला भूक लागते. ते साखर खातात. स्कॅनला साखर खाणारा दिसतो. तो चोर आहे की शिपाई हे त्याला दिसत नाही. २०२१ साली करोनाची लस घेतलेल्या पुष्कळ लोकांच्या काखेतल्या ग्रंथी, ज्या दंडात सुई टोचली त्याच बाजूच्या, अशाच उजळल्या होत्या. ते आपले साधे अवधाण होते.

लिंफोमा होऊन गेलेल्या माणसाला सार्कॉइड होतो हेही वैद्यकाला नवे नाही. कधी आधी सार्कॉइड आणि मागून लिंफोमा. या जोडीला ब्रिंकर नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी १९८६ साली एक संयुक्त नावही दिले. कधी आधी लिंफोमा, त्याचा उपचार, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सार्कॉइड. कर्करोगावरची काही नवी औषधे शरीराच्या फौजेला चेतवतात. त्यांच्यानंतरही असे वेढे पडलेले दिसतात. आणि लक्षणे पाहाल तर खोकला, कणकण, घाम, थकवा, वजन उतरणे. दोन्हीकडची यादी एकाच हाताने लिहिल्यासारखी. लक्षण नसताना केवळ हौसेने दर सहा महिन्यांनी स्कॅन करू नयेत, असे लिंफोमाच्या तज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या लुगानोच्या नियमांत म्हटले आहे, त्याचे एक कारण हेच. दिवा लावला की काहीतरी दिसतेच, आणि दिसले की झोप उडते.

तेव्हा तुकडा काढायचे ठरले. नेमका पितृपंधरवडा होता. आक्का म्हणाली, ‘या दिवसांत काही नवं सुरू करू नये.’ गाठीचा तुकडा काढणे हे शुभकार्यात मोडत नाही, तेव्हा त्याला मुहूर्त लागत नाही, असा निर्णय आमच्या सौ.ने दिला. तोंडावाटे श्वासनळीत दुर्बीण घातली. तिच्या टोकाला सोनोग्राफीचा डोळा असतो. त्या डोळ्याने नळीच्या भिंतीपलीकडची गाठ पाहायची आणि भिंतीतूनच सुई घालायची. चार दिवसांनी उत्तर आले: ग्रॅन्युलोमा आहेत, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत.

आम्ही पेढे आणायला निघालो होतो, डॉक्टरीणबाईंनी थांबवले. त्या म्हणाल्या, ‘काका, आपल्यात शितावरून भाताची परीक्षा करतात. इथे ती चालत नाही. हॉजकिन्सच्या गाठीतही खऱ्या कर्करोगाच्या पेशी थोड्याच असतात आणि भोवती इतरांची गर्दी असते. त्या गर्दीत कधी कधी ग्रॅन्युलोमाही असतात. सुईला गर्दी मिळाली आणि मुख्य गुन्हेगार बाजूला राहिला, असे व्हायला नको.’ म्हणून गळ्याच्या खाली, छातीच्या हाडावर लहानसा छेद घेऊन एक अख्खी गाठ काढली. एका शिताऐवजी मूठभर भात.

आणि तिसरा संशयित तर अजून रांगेत उभाच होता. आपल्या देशात ग्रॅन्युलोमा म्हटले की पहिले नाव निघते ते क्षयाचे. मानेला गाठींची माळ आली की जुने लोक तिला गंडमाळ म्हणत. ती पुष्कळदा क्षयाचीच असे. क्षयाच्या वेढ्याचा मध्य सडून मऊ होतो. पाश्चात्य डॉक्टर त्याला चीजची उपमा देतात. आपण चक्का म्हणू. सार्कॉइडमध्ये चक्का बहुधा नसतो. पण क्षयाच्याही प्रत्येक वेढ्यात तो असतोच असे नाही. म्हणून गाठीचा काही भाग जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी ठेवला. क्षयाचा जंतू आपल्या सरकारी फाइलीसारखा. त्याला घाई नसते. सहा आठवडे वाट पाहायची.

या तीन रोगांची गल्लत माझ्या छातीत प्रथम झाली असे नव्हे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वाढलेल्या ग्रंथींच्या सात रुग्णांचे वर्णन केले, तेही नुसत्या डोळ्यांनी पाहून. त्यांच्या नावाने रोग प्रसिद्ध झाला. परंतु त्या सातांतले सगळेच काही त्या रोगाचे नव्हते असे पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवले. १८९८ साली व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी या रोगातल्या राक्षसी पेशीचे उत्तम वर्णन केले, आणि हा क्षयाचाच एक प्रकार असावा असे मत दिले. १९०२ साली बाल्टिमोरला डोरोथी रीड नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तीच पेशी पाहिली, तिची चित्रे काढली, आणि ठामपणे सांगितले की हा क्षय नव्हे, हा वेगळा रोग आहे. आज त्या पेशीला दोघांचेही नाव आहे. मी एका रात्री हे वाचत होतो तेव्हा मला विलक्षण धीर आला. एवढी मोठी माणसे ज्या वळणावर थबकली तिथे माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला सहा आठवडे थांबावे लागले, तर त्यात रडण्यासारखे काय आहे?

थांबणे म्हणजे काय हे मात्र त्या सहा आठवड्यांत कळले. घाई किती दिशांनी हाका मारते! एका परिचितांनी सांगितले, ‘कर्करोगाला वेळ देऊ नका, उपचार सुरू करा.’ दुसरे म्हणाले, ‘क्षयाच्या गोळ्या सुरू करून टाका, गुण आला म्हणजे क्षय.’ तिसऱ्यांच्या मेहुण्याला स्टिरॉइडने आठवड्यात आराम पडला होता. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही वाटांवर काय आहे ते समजावून सांगितले. सार्कॉइडला लिंफोमा समजून जबर मात्रा दिली, तर नसलेल्या रोगासाठी मज्जा पुसून बसू. सार्कॉइड समजून स्टिरॉइड दिले आणि तो लिंफोमा निघाला, तर गाठी चार दिवस बसतील, सर्वांना वाटेल गुण आला, आणि नंतर तुकडा काढला तरी त्यात काही धड दिसणार नाही. आणि तो क्षय असला तर स्टिरॉइडने त्याला मोकळे रान मिळेल. ‘तुम्हाला आज धाप फारशी नाही, हृदय ठीक आहे, डोळे ठीक आहेत. तुमच्या बाबतीत थांबणे परवडते; म्हणून थांबू,’ असे त्या म्हणाल्या. प्रत्येकालाच थांबणे परवडते असे नाही, हेही त्यांनी बजावले.

त्या बाकावर माझ्याशेजारी नाशिकचे एक गृहस्थ बसत. आमचा आजार एक, सलाइनींची संख्या एक, खोकलाही एक. त्यांच्याही चित्रात दिवे लागले होते, आणि त्यांचीही गाठ काढली होती. आम्ही दोघे एकाच आठवड्यात निकालाची वाट पाहत होतो, परीक्षा दिलेल्या पोरांसारखे. त्यांचा निकाल आधी आला. त्यांच्या गाठीत डोरोथी रीडबाईंनी काढलेली तीच पेशी होती. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘चला, निदान आता माहीत तरी झाले.’ त्यांच्या आवाजात रागही नव्हता आणि हेवाही नव्हता. त्या क्षणी मला माझ्या आशेची थोडी लाज वाटली. हे मी मुद्दाम लिहीत आहे. कारण माझी हकिगत वाचून कुणी असे समजू नये की स्कॅनमधले दिवे म्हणजे नेहमी ताकच. पुष्कळदा ते दूधच असते, आणि चांगले कढत असते. नाशिककरांनी जालीम औषधे घेतली, मूळपेशी चढवून घेतल्या, चार आठवडे एकट्या खोलीत काढले. त्यांना ते सगळे सोसण्याचे बळ कुठून आले असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘नक्की ठाऊक होते म्हणून. अंदाजासाठी एवढे सोसवले नसते.’

माझ्या गाठीचा निकाल टप्प्याटप्प्याने आला. मोठ्या तुकड्याला निरनिराळे रंग देऊन पाहिले. हॉजकिन्सची पेशी नाही. क्षयाच्या जंतूची झटपट तपासणी कोरी. कोपराखाली हातावर क्षयाची जी सुई टोचतात तीही कोरी. सार्कॉइडमध्ये पुष्कळदा ती तशी राहते. चक्का नाही. आणि तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात शेवटचा कागद आला, की सहा आठवड्यांत काहीही वाढले नाही. सार्कॉइड. अनघाने तो शब्द फोनवर आक्काला सांगितला. आक्काने तो दोनदा म्हणायचा प्रयत्न केला आणि मग विचारले, ‘म्हणजे ते नाही ना?’ ते नाही म्हटल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली.

औषध काहीच दिले नाही. एवढ्या धावपळीनंतर रिकाम्या हाताने घरी येणे मला थोडे चमत्कारिक वाटले, सौ.ला तर फी वाया गेल्यासारखे वाटले. डोळे तपासले, हृदयाचा आलेख काढला, रक्तातले कॅल्शियम पाहिले, आणि तीन महिन्यांनी या असे सांगितले. पुढच्या उन्हाळ्यातल्या तपासणीत गाठी अर्ध्यावर आल्या होत्या, खोकला गेला होता. लग्न फेब्रुवारीतच झाले, ठरल्या मुहूर्तावर. मंगलाष्टकांच्या वेळी मंडळींनी नवरानवरीकडेच पाहिले. माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते, यासारखे दुसरे सुख नाही.

ज्या वाचकांच्या घरात असा आजार येऊन गेला असेल त्यांना मी डॉक्टर नसताना एवढेच सांगू शकतो. भीतीला एकच नाव पाठ असते, आणि ती तेच पुन्हा पुन्हा पुकारते. तिला गप्प बसवता येत नाही. तिच्या हातून सही मात्र करू नये. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, की या जागेतला तुकडा तपासता येईल का? येत नसेल तर का नाही, आणि थांबलो तर काय बिघडेल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि निकाल मनासारखा लागला तरी तपासणीची तारीख चुकवू नये. कारण सार्कॉइड झाला म्हणून लिंफोमा पुन्हा होणार नाही असे लिहून देणारे कोणी नाही. आजचा तुकडा आजचे खरे सांगतो.

आमच्याकडे आता दोन फायली आहेत. सौ.ने दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नावे घातली आहेत आणि त्या कपाटाच्या मधल्या खणात ठेवल्या आहेत. अगदी वर नाहीत, अगदी हाताशीही नाहीत. नाशिककरांचा दर महिन्याला फोन येतो. तब्येतीविषयी आम्ही दोन वाक्ये बोलतो आणि मग द्राक्षांच्या भावाविषयी अर्धा तास. गेल्या दिवाळीत पहाटे समोरच्या चाळीतल्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली, धूर आत आला आणि मला ठसका लागला. अंगाला उटणे लावता लावता सौ.चा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. मग ती उठली आणि खिडकी लावून आली.